कागदाची मागची बाजू

बरेच महिने झाले इथे काही लिहून. दोघा-तिघांनी विचारलंसुद्धा, "ब्लॉग बंद केलात का?" बंद वगैरे काही नाही हो, निव्वळ आळस. पण परवा ताईच्या मुलीचा फोन आला आणि झोप उडाली म्हणून बसलो लिहायला.

भाची वकील झाल्याचं तुम्हाला माहीत आहेच (पेढे सगळ्यांना पोचले असतील असं धरून चालतो). आता तिचं नाव विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आलंय आणि तिला जव्हार-मोखाड्याकडची कामं मिळणार आहेत. फोनवर म्हणाली, "मामा, अपघाताच्या आणि डॉक्टरांच्या हलगर्जीपणाच्या केसेससाठी काही टिप्स दे ना." टिप्स! आम्ही सिनिअरच्या बॅगा उचलल्या, त्यांच्या चहाचे पैसे दिले, तेव्हा कुठे एखादी गोष्ट कानावर पडायची. असो. म्हटलं, मेल करतो. बसलो लिहायला, आणि कलमं, निकाल वगैरे बाजूलाच राहिले. सगळ्यात आधी एक जुनं प्रकरण आठवलं. तेच आधी सांगतो.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. त्या भागातल्या एका पाड्यावरून एक माणूस माझ्याकडे आला होता. बरोबर गावातला एक कार्यकर्ता. बायको बाळंतपणात गेली होती, रक्तस्राव झाला होता. बाळ वाचलं. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत केसपेपर. मी केसपेपर वरवर बघितला आणि विचारलं, "कुणाची चूक झाली?" तो काही बोलला नाही. कार्यकर्ताच बोलला, डॉक्टर नवीन होता, शिकाऊ होता, वगैरे. मी तापलो. त्या आठवड्यातच सरकारी दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरला नोटीस धाडली. नोटीस चांगली झाली होती, दोन-तीन मित्रांना वाचूनही दाखवली.

दीड-दोन महिन्यांनी दावा तयार करायला घेतला तेव्हा तोच केसपेपर उलटा केला. मागच्या बाजूला पेनाने घाईघाईत लिहिलेलं होतं: किती वाजता बाई आली, किती वाजता रक्तस्राव सुरू झाला, काय काय दिलं, किती वाजता वर पाठवायचं ठरलं, गाडीसाठी किती वेळा फोन केला, गाडी किती वाजता आली. मधला वेळ दोन तासांच्या वर होता. शेवटची ओळ होती, 'पेशंटसोबत स्वतः जात आहे.' मग मी त्या माणसाला परत बोलावलं आणि या वेळी नीट विचारलं, त्या रात्री काय काय झालं? तो म्हणाला, "साहेब, त्या डॉक्टरनं लय धावपळ केली. गाडीत सलाईन हातात धरून उभा होता." मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, "तुम्ही इचारलंच नाय."

मी चूक कुणाची एवढंच विचारलं होतं.

नोटीस मागे घेतली. पण तोवर तो डॉक्टर बंधपत्राची मुदत संपवून निघून गेला होता आणि पुढच्या पावसाळ्यात ती जागा बरेच महिने रिकामी होती, असं त्याच कार्यकर्त्याने मला सांगितलं. माझ्या नोटिशीमुळेच गेला का? माहीत नाही. आणि ज्या गोष्टीबद्दल भांडायला हवं होतं, म्हणजे ती दोन तास न आलेली गाडी, त्याबद्दल सरकारला वेळेत धरायचं राहूनच गेलं. त्या माणसाला शेवटी माझ्याकडून काही मिळालं नाही. तो वीटभट्टीवर गेला, मग फोन लागेना.

तर भाचे, पहिली टिप ही. केसपेपर दोन्ही बाजूंनी वाच. आणि पक्षकाराला 'चूक कुणाची' हे विचारूच नको, 'काय झालं' एवढंच विचार, सकाळपासून. कुठून निघालात, पायी किती चाललात, डोली केली का, कुणी उचलली, गाडी कुठपर्यंत येते. नदी भरली होती का. भगताकडे गेला होतात का. हा भगताचा प्रश्न वकील लाजून विचारत नाहीत आणि उलटतपासणीत समोरचा वकील पहिला तोच विचारतो. आधी कळलेलं बरं. बहुतेक वेळा उत्तर असं असतं, की भगत घराजवळ होता आणि दवाखाना डोंगरापलीकडे.

त्या भागात मरण पुष्कळदा अंतरामुळे येतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाड्याच्या मर्कटवाडीत एका बाईची जुळी मुलं गेली आणि रक्तस्राव होणाऱ्या त्या बाईला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावं लागलं. २०२५ च्या जूनमध्ये जोगलवाडीची एक बाई खोडाळा, मोखाडा आणि मग नाशिक असा प्रवास करत गेली, तिथे बाळ मृत जन्मलं आणि बाप ते पिशवीत घालून एस.टी.ने सुमारे ऐंशी किलोमीटर परत आला. पेपरात आलं होतं, तुम्ही वाचलं असेल. अशा वेळी राग येतो आणि तो यायलाच हवा. पण वकिलाने रागाचा पत्ता नीट लिहायला हवा. रस्ता नाही, गाडी नाही, पद रिकामं आहे, याचा जाब शासनाला विचारायचा असतो. सगळ्यात जवळ उभा असलेला माणूस म्हणजे डॉक्टर किंवा नर्स. नोटिशीवर त्याचं नाव घालणं सोपं असतं इतकंच.

याचा अर्थ डॉक्टर चुकत नाहीत असा अजिबात नाही. मराठी वकिलांनी ज्या खटल्यावरून हा विषय शिकायचा तो आपल्याच मातीतला आहे. १९५३ चा मे महिना. दौंडच्या डॉक्टर त्र्यंबक गोडबोल्यांचा वीस वर्षांचा मुलगा रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकाठी पालशेतला गेला होता, तिथे अपघातात मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरने फळ्या बांधल्या, मग टॅक्सीने पुण्याला आणलं. पुण्यात डॉक्टर लक्ष्मण जोशी यांच्या दवाखान्यात भूल न देता, माणसं लावून, जोर लावून पाय ओढून हाड बसवलं आणि ९ मेच्या रात्री मुलगा गेला. डॉक्टरांचं म्हणणं होतं मृत्यू फॅट एम्बोलिझमने झाला. न्यायालयाने म्हटलं, त्या ओढाताणीच्या धक्क्याने. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे १९६८ मध्ये आला. पंधरा वर्षं! आणि भरपाई किती? तीन हजार रुपये. डॉक्टरने पेशंट घ्यायचा की नाही हे ठरवताना, उपचार कोणता हे ठरवताना आणि तो करताना वाजवी काळजी घ्यायला हवी, हे तत्त्व भारतभरचे वकील अजून याच खटल्यावरून सांगतात. मी मात्र हा निकाल वाचतो तेव्हा बापाचाच विचार करतो. तो स्वतः डॉक्टर होता, त्याला औषधांची नावं कळत होती, काय झालं ते डोळ्यांनी बघत होता. तरी पंधरा वर्षं लागली. मग ज्याला केसपेपरवरचं अक्षरही वाचता येत नाही त्याचं काय?

आता थोडं कायद्याचं. (नातेवाईकांनी हा भाग ओलांडला तरी चालेल. ताई, तू नको ओलांडूस, मुलगी काय करते ते कळेल.)

आपल्याकडे लोकांना वाटतं डॉक्टरची केस म्हणजे ग्राहक कोर्ट. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्यात आले हे खरं, पण जिथे सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते तो सरकारी दवाखाना त्याच निकालाने बाहेर राहिला. म्हणजे जव्हार-मोखाड्यातला बहुतेक पेशंट जिथे जातो तिथलं ग्राहक आयोगाचं दार त्याला बंद. पैसे भरून नाशिकच्या किंवा ठाण्याच्या खाजगी दवाखान्यात गेला असेल तर ते उघडं, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार त्याला आपल्या राहत्या जिल्ह्यातच करता येते, मुदत दोन वर्षं. सरकारी असेल तर दिवाणी दावा. त्याआधी कलम ८० ची नोटीस, दोन महिने थांबणं. आणि मृत्यूच्या दाव्याला मुदत दोनच वर्षं. दिवाळीनंतर माणसं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातात, पाऊस आला की परततात. दोन भट्ट्या झाल्या की दोन वर्षं संपली. मुदत मोजताना तू कॅलेंडर बघशील, ते हंगाम मोजतात.

सरकारवर दावा टिकतो का असं कुणी विचारलं तर अच्युतराव खोडव्यांचा खटला काढून दाखव. जुलै १९६३, तेव्हाच्या औरंगाबादचं सरकारी रुग्णालय. त्यांच्या पत्नीच्या नसबंदीच्या शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहिला, दुसऱ्यांदा पोट उघडल्यावर तो सापडला, २४ जुलैला त्या गेल्या. खालच्या कोर्टाने छत्तीस हजार दिले, हायकोर्टाने काढून घेतले, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये परत दिले. नेमक्या कुठल्या डॉक्टरच्या हातून राहिला हे सिद्ध करायची गरज नाही, सरकार जबाबदार, असं कोर्ट म्हणालं. मला पंधरा वर्षांपूर्वी हा निकाल माहीत होता बरं का. वाचलेला होता. पण नोटीस लिहिताना डोळ्यांसमोर माणूसच लागतो आपल्याला, 'महाराष्ट्र शासन' समोर धरून तापता येत नाही.

पोलिसांत जायची घाई तर नकोच. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून डॉक्टरवर फौजदारी करायची तर हलगर्जीपणा ढळढळीत लागतो, आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत, शक्यतो सरकारी सेवेतल्या. तेच दिवाणी कामातही कर. दावा लिहायच्या आधी त्या विषयातल्या डॉक्टरला कागद दाखव, फी दे, आणि त्याने 'यात काही नाही' म्हटलं तर ते पक्षकाराला त्याच दिवशी सांग. कठीण असतं. मी एका आजीला सांगितलं होतं, तुमच्या नातवाच्या बाबतीत डॉक्टरांनी करायचं ते केलं. तिने बराच वेळ काही म्हटलं नाही, मग म्हणाली, "कोणी बसून सांगितलं नव्हतं." फी घेतली नाही, चहा तिनेच पाजला.

कागद मिळवण्याबद्दल. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात, आणि दाखल पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं असतं. लेखी अर्ज दे, पोच घे. सरकारी असेल तर माहिती अधिकारही आहे. आणि घरातले कागद कुडाच्या भिंतीत, पत्र्याच्या पेटीत, कुठेही असतात. धुराने पिवळे झालेले, उंदरांनी खाल्लेले. पहिल्या भेटीतच फोटो काढ.

अपघाताच्या केसेस मात्र वेगळ्या. तिथे कायदा बराच बरा आहे, अडतं ते पुराव्याला. त्या घाटांत जीप, टेम्पो, पिकअप, जे मिळेल त्यात माणसं बसतात, कारण एस.टी. दिवसातून मोजक्याच. पिकअप उलटला की विमा कंपनी म्हणते, हे मालवाहू वाहन, यात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी आमची नाही. आशा राणी निकाल त्यांच्या बाजूने आहे. मात्र बसलेला माणूस मालाचा मालक असेल, म्हणजे स्वतःची नाचणी, मोगरा, करवंदं घेऊन बाजाराला निघाला असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीनंतर विमा लागू होतो. इथे वकिलाच्या जिभेवर पाणी सुटतं. जो तो मोगऱ्याची टोपली घेऊनच बसलेला असतो मग! तू ते करू नकोस. टोपली होती की नाही ते विचार, असेल तर कुणाकडून विकत घेणार होता, कुठल्या बाजारात, ते शोध. नसेल तर 'विमा कंपनीने आधी भरावं आणि मालकाकडून वसूल करावं' अशी मागणी कर, तसे आदेश मिळाले आहेत. खोटी टोपली उलटतपासणीत पहिल्या दहा मिनिटांत सांडते आणि तिच्याबरोबर खरा अपघातही.

वय. हे फार छोटं वाटतं. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात पंचविशीपर्यंत गुणक १८, सव्वीसला १७. महिना सहा हजारांचं नुकसान धरलं तरी एका आकड्याचा फरक बहात्तर हजार. आणि आपल्या पक्षकाराची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर १ जून, घरात विचारलं तर 'मोठा पाऊस झाला त्या साली'. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की वयासाठी आधारपेक्षा शाळेचा दाखला धरा. तेव्हा आश्रमशाळेत जा आणि रजिस्टर काढ.

उत्पन्न त्याहून अवघड. वनहक्काच्या जागेवर थोडी वरई, चार महिने भट्टी, मधे रोजगार हमी. पगाराची पावती कुणाकडे असणार? मुकादमाने दिलेली उचल वहीत असते, वही मुकादमाकडे. कोर्ट मग किमान वेतन धरतं. आणि बाई गेली असेल तर विमा कंपनीचा वकील म्हणतो, ती घरीच असायची. घरीच! मोखाड्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून भूगोलात शिकवतात, मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण त्याच तालुक्यात कोचाळ्याजवळ आहे, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या बायका टँकरची वाट बघतात, नाहीतर हंडे घेऊन डोंगर उतरतात. २०२१ च्या जानेवारीतला कीर्ती निकाल वाच. गृहिणीच्या कामाची किंमत धरायची, तिच्यासाठी पुढची वाढही धरायची, असं त्यात आहे. सरकारच्या २०१९ च्या पाहणीतला आकडाही त्यात दिलाय: बायका दिवसाला २९९ मिनिटं घरकामात घालवतात, पुरुष ९७. दाव्यात नुसतं 'गृहिणी' लिहू नकोस. ती विहीर घरापासून किती लांब आहे ते मोज, स्वतः चालून. हंडा घेऊन चाल. (हे गमतीने नाही लिहिलेलं.)

मुदतीचं इथेही आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताचा दावा सहा महिन्यांत लावायची अट परत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर राहू नकोस. गाडी ठोकून पळून गेली, नंबर नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार मिळतात, अर्ज प्रांत-तहसीलदारांच्या पातळीवर. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

साक्ष. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत, पक्षकार वारली किंवा कोकणा बोलणारा. उलटतपासणीत पहिला प्रश्न: "यात काय लिहिलंय माहीत आहे?" उत्तर: "नाय." केस तिथेच अर्धी गेली. मराठीत कर, त्यांच्या शब्दांत कर, वाचून दाखव. आणि ही माणसं काळ्या कोटातल्या माणसाला 'नाही' म्हणत नाहीत, मान राखायचा म्हणून 'हां हां' म्हणतात. समोरच्या वकिलाने वाट्टेल ते विचारलं तरी हां. ही सवय एका दिवसात जात नाही. तारखेच्या आधी दोनदा तरी जाऊन बस. मराठी शाळेत शिकलेल्या त्यांच्या मुलीला मध्ये बसव, ती तुझ्यापेक्षा चांगली उलटतपासणी घेईल.

पैशाचं शेवटी सांगतो. दवाखान्याच्या दारात क्लेमचे एजंट उभे असतात, 'वीस टक्के द्या, सगळं बघतो'. वकिलाने निकालाच्या रकमेवर टक्केवारी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तरी सर्रास चालतं. तुझ्या पक्षकाराला पहिल्या दिवशी सांग: तू अनुसूचित जमातीचा आहेस, बाई आहेस, तुला विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वकील फुकट आहे, उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. १५१०० हा नंबर भिंतीवर खडूने लिहून ये. आणि रक्कम आल्यावर खातं बाईच्या नावाने आहे ना, ठेव पावती कुठल्या बँकेत, ती मोडायला कोण नेतंय, हे बघायला परत जा. निकालानंतर आपण फाईल बांधून ठेवतो, आणि तिकडे दीर, मुकादम, दुकानदार सगळे एकाच आठवड्यात येतात.

एवढं सगळं मेलमध्ये लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं: "मामा, हे फार लांब आहे, पण वाचलं." :) गेल्या रविवारी ती पहिल्यांदा गेली, पहाटेच्या गाडीने विक्रमगडमार्गे जव्हार, तिथून पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर. ताईने मला तीनदा फोन केला, मुलगी पोचली का म्हणून. जसं काही मी तिकडे टॉवरवर बसलोय.

दुपारी मेसेज आला. एका पाड्यावरून. 'मामा, केसपेपर मिळाला. कोपरा उंदराने खाल्लाय, चालेल ना?' म्हटलं, फोटो पाठव. फोटो आला, स्वच्छ, नीट. एकाच बाजूचा.

'मागचा?' असं विचारलंय. अजून एकच टिक दिसतेय, रेंज नसेल.